भेटल्याशिवाय सही नाही



मी ज्यात हातभार लावतो ती डेबियन ही संगणकप्रणाली १९९३ पासून जगभरातले स्वयंसेवक घरबसल्या घडवतात. तरी २००० साली फ्रान्समधल्या बोर्दोत सुरू झालेलं त्यांचं संमेलन, कोविडची दोन वर्षं सोडता, दरवर्षी प्रत्यक्ष भरतं. २०२३ मध्ये कोचीत भरलं. तिथली रीत अशी: समोरासमोर भेटायचं, ओळखपत्र बघायचं, मगच एकमेकांच्या डिजिटल चावीवर सही करायची. त्या सहीशिवाय नव्या माणसाच्या हाती सहसा प्रणाली सोपवत नाहीत. ई-मेलमधून तिरसट वाटणारा माणूस जेवणाच्या रांगेत मोकळा होतो आणि अडलेलं काम मार्गी लागतं.

आपला व्हॉट्सॲप ग्रुप रोज वाजतो. पण बाई, आज तुम्ही हजेरी घेतलीत, मान वर करून प्रत्येकाकडे पाहिलंत. ती सही ग्रुपवर मिळत नाही.