उजेडाची निवड वाचणाऱ्याच्या हाती

(उंब्रज, ता. कराड येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृष्णा-तारळीच्या संगमावर वसलेल्या आपल्या उंब्रजात आता सात-बाराचा उतारा, दाखले, परीक्षांचे निकाल आणि योजनांचे अर्ज मोबाईलच्या पडद्यावर येऊन पोहोचले आहेत. कचेरीतील फलक वाचता आला नाही, तर शेजारी उभ्या असलेल्यास विचारता येते. घरी एकट्याने अर्ज भरणाऱ्यास पडद्यावरील अक्षरेच सोसली नाहीत, तर त्याने कोणास विचारावे? म्हणून आज एका लहानशा कळीविषयी बोलण्याचे योजिले आहे.

अनेक संकेतस्थळांच्या माथ्यावर सूर्याचे किंवा चंद्राचे चिन्ह असते. ते दाबताच पांढऱ्या पृष्ठावरील काळी अक्षरे जाऊन गडद पृष्ठावर फिकी अक्षरे उमटतात. पुन्हा दाबले की पूर्वीचे रूप येते. तसे पाहता यात अगदीच नवे काही नाही. जुन्या संगणकांच्या काळ्या पडद्यावर हिरवी वा पिवळसर अक्षरेच उमटत. पुढे कागदाच्या धर्तीवर पांढरा पडदा रूढ झाला. २०१९ साली अँड्रॉइड १० व आयओएस १३ या प्रणालींनी गडद रूपाची सोय सबंध फोनभर उपलब्ध करून दिली.

यांपैकी चांगले रूप कोणते, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे एकच उत्तर नाही. निरोगी दृष्टीच्या माणसास उजळ पृष्ठावरील काळी अक्षरे बहुधा अधिक स्पष्ट दिसतात. भर दुपारी बांधावर फोन पाहावयाचा झाल्यास तेच रूप सोयीचे. उलटपक्षी, मोतीबिंदूमुळे ज्यांच्या डोळ्यांत प्रकाश विखुरतो, त्यांतील अनेकांना पांढरा झगझगाट सोसवत नाही. रात्री पिकास पाणी देऊन परतलेल्या शेतकऱ्यासही अंधाऱ्या खोलीत गडद पृष्ठच बरे वाटते. विजेच्या बचतीचे म्हणाल, तर ती केवळ ओलेड जातीच्या पडद्यांवर होते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात, पडद्याची उजळता ३० ते ५० टक्के असताना, ही बचत सरासरी ३ ते ९ टक्केच आढळली. तेव्हा या कळीचे खरे प्रयोजन बचत हे नसून वाचणाऱ्याची सोय हे आहे.

ही कळ बसविण्याची रीत अवघड नाही. रंग जागोजागी न लिहिता त्यांस 'पृष्ठ', 'मजकूर', 'दुवा' अशी नावे द्यावीत आणि प्रत्येक नावास दिवसाचा एक व रात्रीचा एक असे दोन रंग नेमावेत. पहिल्या भेटीत नागरिकाच्या फोनवर कोणते रूप निवडलेले आहे, हे ब्राउझरच सांगतो; त्याचा मान राखावा. नागरिकाने कळ दाबून वेगळे रूप निवडले, तर ती निवड त्याच्याच ब्राउझरमध्ये जपून ठेवावी. पान उमटण्यापूर्वी ती वाचली गेली पाहिजे. अन्यथा गडद पान उघडताना क्षणभर पांढरा लखलखाट होतो.

मात्र कळ बसविली म्हणजे काम संपले, असे मानू नये. मजकूर व पृष्ठ यांच्या उजळतेचे प्रमाण किमान ४.५ास १ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो दोन्ही रूपांत पाळावा लागतो. दिवसा ठळक दिसणारा निळा दुवा काळ्या पृष्ठावर पार बुडून जातो. अर्जातील चूक केवळ लाल रंगाने न दाखविता शब्दांनीही सांगावी. छापील प्रत मात्र नेहमी पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांतच निघावी.

यामागे कायद्याचेही अधिष्ठान आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम प्रसिद्ध झाली व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आपल्या सातारा जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ज्या चौकटीवर उभे आहे, तीत अक्षरांचा आकार व रंगांतील विरोध बदलण्याची सोय आहे.

ग्रामपंचायत वा शाळा आपले संकेतस्थळ करवून घेईल, तेव्हा देयक मंजूर करण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. ते भर उन्हात वाचून पाहावे. दिवा मालवून वाचून पाहावे. आणि गावातील एखाद्या वयोवृद्ध वा अल्पदृष्टी व्यक्तीच्या हाती फोन देऊन, कोणाच्याही मदतीविना तिला अर्ज भरता येतो किंवा कसे, हे पाहावे. त्या व्यक्तीला जे वाचता आले नाही, ते शासनाने तिला सांगितलेच नाही, असे समजावे.