अँटिएटमची लढाई आणि गुलाममुक्तीचा जाहीरनामा



जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु ती मुक्ती कोणत्या वाटेने आली, हे क्वचितच सांगितले जाते. ती हकीकत वकिलाच्या दृष्टीने आपणांपुढे मांडावी, असा माझा हेतू आहे.

१८६१ साली दक्षिणेतील गुलामधारक राज्ये फुटून निघाली व यादवी युद्ध पेटले. आदल्याच वर्षीच्या शिरगणतीत गुलामांची संख्या सुमारे ४० लाख भरली होती. तरीही संघराज्य टिकविणे एवढाच युद्धाचा हेतू अध्यक्ष लिंकन आरंभी सांगत. २२ जुलै १८६२ रोजी त्यांनी मुक्तीचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी सल्ला दिला की, पराभव होत असता असा जाहीरनामा काढल्यास ती हताश सरकारची धडपड दिसेल. एखादा विजय मिळू द्यावा. मसुदा बासनात गेला. लक्षावधी माणसांचे भवितव्य एका लढाईवर लोंबकळत राहिले!

ती लढाई १७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमध्ये, शार्पस्बर्गजवळ अँटिएटम ओढ्याकाठी झाली. दक्षिणेचे सेनापती ली यांच्या हुकुमाची प्रत, तीन चिरुटांभोवती गुंडाळलेली, उत्तरेच्या सैनिकांस आधीच सापडली होती. तरी सेनापती मॅक्लेलन यांनी वेळ दवडला. सकाळी मक्याच्या शेतात व नंतर झिजून खोल गेलेल्या गाडीवाटेत माणसे पडली. त्या एका दिवसात ठार, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे २३,००० माणसे गेली. ली पोटोमॅक नदीपार परतले. मॅक्लेलन यांनी पाठलाग केला नाही. युद्धशास्त्राच्या हिशेबाने ही जवळजवळ बरोबरीच होय. लिंकन यांना तेवढे पुरले.

पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, त्यांनी जाहीर केले की, १ जानेवारी १८६३ रोजी जो प्रदेश बंडात असेल तेथील गुलाम मुक्त होतील. दक्षिणेस मान्यता देण्याचा विचार करणाऱ्या ब्रिटनला आता ते पाऊल टाकणे अवघड झाले.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्या. केंटकी, मिसूरी, मेरीलँड व डेलावेअर या निष्ठावंत राज्यांतील गुलामांना जाहीरनामा लागूच नव्हता! कारण तो सरसेनापतीच्या युद्धाधिकारात काढलेला हुकूम होता आणि निष्ठावंत राज्यांत तो अधिकार चालत नव्हता. मात्र त्याने सैन्याचे दार उघडले. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या सैन्यात लढले. मुक्ती त्यांना दान म्हणून मिळाली असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

युद्ध संपल्यावर अशा हुकुमास न्यायालयात आव्हान मिळण्याचा धोका होता. म्हणून डिसेंबर १८६५ मध्ये १३वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यात ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ असा अपवाद राहिला आणि दक्षिणेने त्याचा पुरता उपयोग केला. बेकार फिरणे हाच गुन्हा ठरवावा, पकडावे, आणि कैद्यास मळेवाल्याकडे वा खाणवाल्याकडे भाड्याने द्यावे! १४व्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व दिले, १५व्या दुरुस्तीने (१८७०) मताधिकाराला संरक्षण दिले. १८७७ साली दक्षिणेतील संघराज्याच्या सैन्याचा आधार काढून घेतला गेला. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीचे वेगळे डबे कायदेशीर ठरविले. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेव्हा तो निकाल अमलात होता. शाळांपुरता तो १९५४ साली मोडला. आणि १५वी दुरुस्ती दक्षिणेत खरोखर बजावून घेणारा मताधिकार कायदा १९६५ साली झाला.