सुर्ल्याच्या गाईला काय कमी पडते?



दूध उत्पादकांची आणि पशुवैद्यकांची ही परिषद सुर्ल्यात भरली याचा मला मनापासून आनंद आहे. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा गोव्यातल्या डिचोलीच्या या पट्ट्यात गोठ्याचे मोल नव्याने कळले. आता त्याच गोठ्यात दूध वाढवण्याची हमी देणारे डबे आणि पुड्या येऊ लागल्या आहेत. माझे म्हणणे असे की, डबा फोडण्याआधी आपल्या जनावराला नेमके काय कमी पडते ते पाहा.

आपली माती जांभ्याची, आम्लधर्मी. तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतात. तो गवतात पुरेसा उतरत नाही, मग गाईला कुठून मिळणार? गाय हाड चघळते, चप्पल चघळते, दोरीवरचा कपडा ओढते, आणि आपण तिला खोडकर म्हणून हाकलतो. बहुतेक वेळा ती बिचारी स्फुरद किंवा मीठ शोधत असते. काळ्या गाईच्या डोळ्यांभोवतीचे केस पिंगट पडू लागले तर तांब्याची उणीव असण्याची शंका घ्या. खाणपट्ट्यात गवतावर लाल धूळ बसते, आणि पोटात लोह जास्त गेले की तांबे नीट शोषले जात नाही. अशी गाय वेळेवर माजावर येत नाही, दोन वेतांतले अंतर वाढते. दूध लिटराने घटलेले दिसते, हे नुकसान मात्र वहीत कुठेच लिहिले जात नाही.

आपली मुख्य वैरण भाताचा पेंढा. त्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के आणि वर ऑक्झलेट, जे कॅल्शियम अडवून ठेवते. दहा लिटर दुधातून रोज सुमारे 12 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. भाताच्या कोंड्यातून स्फुरद मिळतो, कॅल्शियम नाही. म्हणून पेंढा-कोंड्यावर दूध देणाऱ्या गाईला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडे मीठ आंबोणातून गेलेच पाहिजे. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि पेंढा तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा. प्रथिने वाढतात, पचनही सुधारते. हे डब्यातल्या औषधापेक्षा स्वस्त आहे.

बायपास प्रथिने आणि बायपास फॅट, म्हणजे पहिल्या पोटात न मोडता पुढे जाऊन पचणारे खाद्य, यांना माझा विरोध नाही. नुकत्याच व्यालेल्या, पंधरा-वीस लिटर देणाऱ्या संकरित गाईला त्यांचा उपयोग होतो. पण आपली देशी श्वेत कपिला गाय दिवसाला दोन-तीन लिटर देते. तिला हिरवा चारा, खनिजे आणि स्वच्छ पाणी द्या. महागड्या फॅटचे पैसे तिच्या दुधातून वसूल होणार नाहीत.

काजूच्या हंगामात बोंडांचा चोथा ढिगांनी कुजतो, याचे मला फार वाईट वाटते. उन्हात कडक वाळवून तो थोडाथोडा आंबोणात मिसळता येतो. ओला, आंबलेला चोथा एकदम भरपूर घातला तर मात्र पोटात आम्लता वाढून जनावर आजारी पडते. पावसाळ्यात पेंडीच्या पोत्याकडेही लक्ष हवे. बुरशी आलेली पेंड गाईला घातली तर तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधात उतरते आणि ते दूध आपलीच मुले पितात. असे पोते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

डेअरी संस्थांकडे आणि सरकारकडे माझी एक मागणी आहे. डिचोली, पेडणे आणि सत्तरीतल्या गवताचे, पेंढ्याचे आणि जनावरांच्या रक्ताचे नमुने तपासा. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेला सोबत घ्या. त्यातून जे कमी ठरेल, नेमके तेच घातलेले खनिज मिश्रण उसगावच्या पशुखाद्य कारखान्यात तयार करा आणि गावोगावच्या दूध सोसायटीत ठेवा. पैसे दुधाच्या बिलातून कापून घ्या. सरद, म्हणजे पावसाळी, भाताचा पेंढा गोठ्यात येईल तेव्हा, याच वर्षी, पहिले नमुने घ्यावेत.