पासबुक जसं ज्याचं त्याचं, तशी शिकण्याची शिडीही

आज आपण बोलणार आहोत मुलांच्या शाळेबद्दल. हा विषय आपल्या गटाच्या बाहेरचा नाही. आमच्या बैठकांत अंतर्गत कर्ज मागताना बियाणं आणि दवाखान्याच्या जोडीला आता खासगी शाळेची फी हे कारणही वरचेवर येतं. हप्ते फेडून होतात, पोरगं चौथीत जातं आणि तरी धडा वाचताना अडखळतं. शाळेत चौकशी केली तर ऐकायला मिळतं, "मूल ढ आहे, शिकवणी लावा."

आम्ही म्हणतो, मूल ढ नसतं. वर्ग पुढे निघून गेलेला असतो आणि ते मागे कुठेतरी एका पायरीवर थांबलेलं असतं. ती पायरी कोणती, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ती पायरी शोधून शिकवणाऱ्या शाळा आपल्या देशात आहेत. आंध्र प्रदेशात मदनपल्लेजवळ ऋषी व्हॅली ही खासगी संस्था आहे, जे. कृष्णमूर्तींनी स्थापन केलेली. या संस्थेने आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरीब मुलांसाठी छोट्या शाळा काढल्या. तिथे एकच शिक्षक आणि समोर पहिलीपासूनची लहानमोठी मुलं एकत्र. सगळ्यांना एकच धडा शिकवणार कसा? म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या शिक्षकांनी वेगळी रीत बसवली.

पुस्तकाचे त्यांनी लहान लहान तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड बनवलं. कार्डावर खूण म्हणून चित्र आणि आकडा. ही कार्डं ज्या क्रमाने शिकायची तो क्रम भिंतीवर शिडीसारखा लावला. मूल शाळेत आलं की शिडीवर आपली पायरी बघतं, आपलं कार्ड स्वतः काढून घेतं आणि कामाला बसतं. नवं शिकणारी मुलं बाईंजवळ बसतात. सराव करणारी एकमेकांच्या मदतीने शिकतात. ज्यांना जमलं ती एकटी करतात. काही पायऱ्या झाल्या की तपासणीचं कार्ड येतं. जमलं तर पुढे, नाही जमलं तर त्याच गोष्टीची आणखी वेगळी कार्डं. नापासाचा शिक्का नाही आणि शेजारच्या पोराशी तुलनाही नाही.

यातली एक गोष्ट आपल्या भागासाठी मोलाची आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरचं मूल चार-पाच महिन्यांनी परत येतं. नेहमीच्या वर्गात तोवर निम्मं पुस्तक संपलेलं असतं. शिडीच्या शाळेत मात्र ते जिथे थांबलं होतं, तिथूनच पुढे चालू लागतं.

हे काही फक्त पैसेवाल्यांच्या शाळेचं काम नाही. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली सरकारी शिक्षकांनी हीच रीत उचलली. 'नलिकली', म्हणजे आनंदाने शिकणं, असं तिचं नाव. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ मध्ये सुरुवात केली आणि २००७ मध्ये ती तमिळनाडूभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. पण नुसती कार्डं आणून भागत नाही. शिक्षकाला ती वापरायचं प्रशिक्षण मिळालं नाही, तर कार्डं कपाटात आणि मुलं पुन्हा घोकंपट्टीला.

आपल्याला ही रीत समजायला अवघड नाही, कारण आपला गट तसाच चालतो. बचत सगळ्यांची सारखी असली तरी कर्ज सारखं नसतं. एक शेळी घेते, एक शिलाई मशीन घेते. जिचा हप्ता थकला तिला आपण गटातून काढत नाही. तिच्याकडे बसतो, अडचण विचारतो, हप्ता बांधून देतो. पासबुक प्रत्येकीचं वेगळं असतं. शाळेतही प्रत्येक मुलाचं असं खातं असायला काय हरकत आहे?

कायदाही आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी, गरज असेल तर जादा शिकवावं आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची प्रगती सांगावी. कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे ती खुर्ची आपली आहे. सही करून उठायचं नाही, बोलायचं.

या महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. आपलं मूल ज्या शाळेत असेल, सरकारी असो की खासगी, तिथे तीन प्रश्न विचारा. माझं मूल आज नेमकं कुठल्या पायरीवर आहे? ते अडलं आहे तिथे त्याच्यासाठी वेगळं काय करता? पुढच्या महिन्यात आम्हाला प्रगती कशी दाखवाल? "हुशार आहे" किंवा "लक्ष देत नाही" हे उत्तर नव्हे. "दोन अंकी बेरीज येते, हातच्याची येत नाही," हे उत्तर. आणि फीसाठी कर्ज मंजूर करण्याआधी गटानेही हेच विचारावं. इमारत, गणवेश आणि बस पाहून पैसे देऊ नयेत.

घरी एवढंच करू या. शाळेतून आलेल्या लेकराला "कितवा नंबर आला?" असं न विचारता, "आज नवीन काय जमलं?" असं विचारू या. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही हे विचारता येतं.