तांबडी छत्री आणि काळे छत

श्रोतेहो, चित्र ही डोळ्यांनी पाहायची वस्तू; ती आज मी आपल्या कानांच्या हवाली करणार आहे. परंतु हल्ली आपल्या डोळ्यांपुढून इतकी छायाचित्रे सरकत असतात, की घटकाभर डोळे मिटून एकच चित्र मनात उभे करण्याची ही सक्ती मला तरी उपकारक वाटते. कॅमेऱ्याचे छिद्र किती उघडावे, पडदा किती झपाट्याने मिटावा, हा तपशील मी गाळतो. ज्याला हवा त्याला तो कोठेही मिळेल.

न्यूयॉर्कच्या सॉल लायटर यांचे ‘कॅनपी’ नावाचे १९५८ सालचे एक छायाचित्र आहे. चौकट उभी असून तिचा वरचा बहुतेक भाग निव्वळ काळा आहे. दुकानापुढे ताणलेल्या कापडी छताची ती खालची बाजू होय. तळाशी जी अरुंद पट्टी उरते, तिच्यात बर्फ पडणारा रस्ता आहे आणि त्या बर्फातून एक माणूस चालला आहे. इतकेच.

चित्राचा विषय इवलासा आणि बाकी सारी जागा फुकट, अशी फिर्याद येथे कोणीही गुदरील. तरुणपणी पुण्यात काही हौशी मंडळी संध्याकाळी जमून चुन्याच्या भिंतीवर पारदर्शिकांचा उजेड टाकीत असत, त्यांच्यात माझीही ऊठबस असे. तेथील एक वयोवृद्ध सभासद खुर्चीवरून उठून, यंत्राच्या झोतात स्वतःचा तळहात धरून चित्राचा एखादा भाग झाकीत आणि विचारीत, “बघा हं, आता काय गेलं?” काहीच गेले नसेल, तर तो भाग चित्रात येण्यास नालायक, असा त्यांचा निवाडा असे, आणि त्यावर अपील नसे. चौकटीचे तीन भाग पाडून विषय अमुक रेषेवर बसवावा, हा जो नियम आज शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असतो, त्याच्यापेक्षा या तळहातानेच मला रचना अधिक शिकवली.

आता लायटरांचे ते काळे छत मनातल्या मनात तळहाताने झाकून पाहा. खाली जे उरते, ते बर्फाळ शहराचे कोणत्याही दुकानात मिळणारे चित्रकार्ड. छत असते तेव्हा मात्र आपण आपोआप आडोशाला उभे असतो. तो काळोख म्हणजे आपली स्वतःची जागा, आणि भिजणारा माणूस बाहेर, आपल्यापासून चार पावलांवर. मुंबईच्या पावसात दुकानाच्या ताडपत्रीखाली अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून जो उभा राहिला आहे, त्याला हे चित्र समजावून सांगण्याची गरज पडू नये.

रंगाच्या बाबतीतही या गृहस्थांची हीच काटकसर. १९५०च्या सुमाराचे त्यांचे ‘फूटप्रिंट्स’ पाहा: उंचावरून दिसणारा रस्ता, बर्फात उमटलेली पावले आणि एक तांबडी छत्री. तिला शह देणारा दुसरा तांबडा चौकटीत नाही, म्हणून ती छत्री दृष्टीला जाऊन भिडते. याच्या उलट, आपल्याकडील मिरवणुकींची जी छायाचित्रे वर्षानुवर्षे पारितोषिके मिळवतात, त्यांत गुलाल, शेंदरी फेटे, झेंडू आणि निळे आकाश ही सारी एकाच वेळी ओरडत असतात; शिवाय घरी येऊन संगणकावर तो गुलाल मुळाहून गडद केलेला असतो. ज्या पंगतीत वरणापासून चटणीपर्यंत सारेच गोड वाढले जाते, तेथे श्रीखंडाची मातब्बरी ती काय? मिरवणुकीवर माझा राग नाही, ढोल ऐकू आला की मीही गॅलरीत धावतो. राग आहे तो या वाढप्यांवर.

रंग काढून टाकला की चित्र आपोआप गंभीर होते, हा दुसरा समजही तितकाच आळशी आहे, मग त्याच्या पाठीशी केवढीही मोठी नावे असोत. छायाचित्रकारांपैकी कार्तिए-ब्रेसाँ यांना रंगाचे प्रेम नव्हते. वॉकर एव्हान्स यांनी तर रंगीत छायाचित्रणाला ग्राम्य ठरवले होते. त्या काळात लायटर १९४८ पासून रंगीत फिल्म वापरीत होते, आणि ती पुष्कळदा मुदत उलटलेली असे, त्यामुळे तिचे रंग फिके, काहीसे लहरी उतरत. पित्याची इच्छा त्यांनी धर्मगुरू व्हावे अशी. हे मात्र शिक्षण अर्धवट टाकून चित्रकार होण्यासाठी न्यूयॉर्कला आलेले, बोनार या फ्रेंच चित्रकारावर लुब्ध असलेले. वाफ धरलेल्या काचेपलीकडचा माणूस त्यांना स्वच्छ उजेडातल्या माणसापेक्षा अधिक पाहण्याजोगा वाटे, याचे मूळ मला या चित्रकारीत दिसते. त्यांच्या पारदर्शिका दशकानुदशके खोक्यांत पडून राहिल्या. ‘अर्ली कलर’ हे पुस्तक निघाले २००६ साली, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

ते पुस्तक हाती आले तर एका बैठकीत चारांहून अधिक पाने उलटू नयेत, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. न मिळाले तरी उद्याचे वर्तमानपत्र आहेच: पहिल्या पानावरच्या छायाचित्रावर तळहात ठेवा, तो हळूहळू सरकवा आणि घरच्यांपैकी कोणाला तरी विचारा, आता काय गेले म्हणून. मुलांना विचारलेत तर अधिक बरे; ती भीड ठेवीत नाहीत.