पद्मिनीच्या स्पीडोमीटरची केबल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवार सकाळच्या गप्पांमध्ये, पार्किंगमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

याआधीच्या रविवारी याच जागी मधुमेहावर बोलणं झालं, मग मृत्युपत्र कसं करावं यावर झालं. त्यानंतर मला सांगितलं गेलं, "तुम्ही गाडीवर बोला." माझी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेली. तिथे भाषण कमी आणि ग्रीस जास्त, म्हणून आज बोलण्याबरोबर थोडं दाखवतोही. हे टेबलावर ठेवलेले काळे सापासारखे तुकडे आहेत ना, तोच आजचा विषय. सी विंगमधल्या वहिनींच्या प्रीमियर पद्मिनीची स्पीडोमीटरची केबल. वहिनी समोरच बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच सांगतोय.

मुलांसाठी आधी गाडीची ओळख. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना १९४४ ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बनू लागली. सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईची काळीपिवळी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा पेपरात फोटो आले होते. वहिनींची गाडी खाजगी, १९८८ सालची. २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा या पार्किंगमध्ये चारचाकी अशा मोजून पाच-सहा होत्या. त्यातली आता ही एकच उरली आहे.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन नूतनीकरण. म्हणजे या गाडीचं २००३, २००८, २०१३, २०१८ आणि मग २०२३. त्या वर्षी तारीख महिन्यावर आली आणि स्पीडोमीटर बंद पडला. आता कोणी म्हणेल, काटा नाही हलला तर काय बिघडतं, गाडी तर चालते. बिघडतं. वेग दाखवणारं चालू यंत्र गाडीत असलंच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे, नियम ११७. आणि नियम बाजूला ठेवा. आपल्या गेटवर आपणच पाटी लावली आहे, 'वेग ताशी १० किमी, मुले खेळत आहेत'. ज्याचा काटा शून्यावर झोपलाय त्याने ती पाटी पाळायची कशी? शिवाय किलोमीटरचे आकडे थांबले, की ऑइल कधी बदललं, पेट्रोल किती खाते, सगळा हिशेब अंदाजपंचे.

वहिनींची अडचण वेगळी होती. केबल तुटण्याची ती वर्षभरातली तिसरी वेळ. दोनदा एका गॅरेजमध्ये नवी टाकून झाली होती. तिसऱ्यांदा तिथे सांगितलं, "मीटरच गेलाय, पार्ट मिळत नाही, गाडी भंगारात द्या." भंगारवाल्याचा भावही सांगून ठेवला. वहिनी त्या गाडीने भाजी आणतात, बँकेत जातात, गुरुवारी मठात जातात. गाडी गेली असती तर त्यांचं स्वतःच्या मर्जीने बाहेर पडणंच गेलं असतं. म्हणून मी म्हटलं, भंगाराचं नंतर बघू, आधी केबल बघू.

ही केबल करते काय, ते दोन मिनिटांत सांगतो. पद्मिनीत इंजिन पुढे, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तिथून लांब दांडा मागच्या चाकांना फिरवतो. गिअरबॉक्सच्या शेपटाकडे एक छोटं दातेरी चाक असतं. गाडी पुढे गेली की ते फिरतं, आणि त्यात चौकोनी टोक खुपसलेली ही आतली तार फिरते. तार ओढली जात नाही, ती जागच्या जागी गरगर फिरते, हे लक्षात ठेवा. ब्रेकची किंवा सायकलची केबल ओढायची असते, ही फिरायची. म्हणून ती एकावर एक उलटसुलट गुंडाळलेल्या बारीक तारांची असते. वर मीटरमध्ये ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी. दोघांचा स्पर्श नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसाएवढी स्प्रिंग तिला अडवून धरते. ओढ जेवढी जास्त, तेवढा काटा पुढे. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन संशोधकाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं, आणि जवळजवळ शतकभर जगातल्या गाड्या याच वाटीवर चालल्या.

यावरून रोगाचं निदान घरबसल्या करता येतं. काटा मेला पण किलोमीटरचे आकडे फिरतायत, तर केबल ठणठणीत आहे, दुखणं मीटरमध्ये. आकडे थांबले आणि काटा हलतोय, तरीही मीटर. दोन्ही थांबले, तर संशय केबलवर किंवा खालच्या दातेरी चाकावर. काटा थरथरत असेल, टिकटिक आवाज येत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी मुरगळली आहे. खात्री करायची तर वरचं टोक मीटरपासून सोडवा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि दोघांनी दहा पावलं ढकला. चौकोनी टोक फिरताना दिसलं, तर केबल आणि दातेरी चाक दोन्ही चांगली.

आमच्याकडे दोन्ही थांबले होते आणि टोक ढिम्म हलत नव्हतं. आता ही खरी गंमत बघा. वहिनींच्या यजमानांना सवय होती, बदललेला पार्ट दुकानात सोडायचा नाही, डिकीत ठेवायचा. वहिनींनीही ती पाळली, त्यामुळे आधीच्या दोन तुटक्या केबली डिकीत होत्या. तिसरी काढल्यावर तिन्ही आतल्या तारा इथेच फरशीवर, वरची टोकं जुळवून शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्ही एकाच जागी तुटलेल्या. मीटरपासून दीड वीत. हे बघा, आजही जुळतात. पुढे या, हातात घेऊन बघा.

वस्तू तीनदा एकाच जागी तुटते, तेव्हा वस्तूचा दोष नसतो, त्या जागेचा असतो. डॅशबोर्डखाली आरसा आणि बॅटरी घालून बघितलं. काही वर्षांपूर्वी गाडीत गाण्यांचा सेट बसवला होता. बसवणाऱ्याने त्याच्या वायरींच्या जुडग्याबरोबर ही केबलही प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधली होती. तिथे केबल काटकोनात वळली होती. फिरणाऱ्या तारेला काटकोन म्हणजे फास. नवी तार घातली, की चार महिने तग धरायची आणि तुटायची. मीटर बिचारा निर्दोष होता. तोही तपासला, केबलच्या जागी चौकोनी तासलेली काडी घालून बोटाने फिरवला, तर लोण्यासारखा फिरला. ही तपासणी मात्र विसरू नका, कारण जॅम झालेला मीटरही नव्या केबलचा गळा घोटतो.

आता काम कसं करायचं ते. ही केबल बदलणं अवघड नाही, तिच्यापर्यंत पोचणं अवघड आहे. खालचं टोक गाडीच्या पोटाखाली, वरचं टोक मीटरच्या पाठीशी.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मीटरमागे वायरींचा गुंता असतो, पाना टेकला तर ठिणगी. हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. गाडीखाली जायचं असेल तर खड्ड्याचं गॅरेज किंवा रॅम्प. नाहीतर भक्कम घोड्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, शिरायचं नाही. आणि सायलेन्सरचा पाइप गार होऊ द्या.

खालचा नट आणि मधल्या क्लिपा आधी सोडवा, म्हणजे केबल सैल होते आणि वर मीटरमागे बोटांना जागा मिळते. वरचा नट बोटांनीच सोडवायचा, पक्कड लावून त्याचे आटे घालवायचे नाहीत. इथे भल्याभल्यांची गंमत होते. माणूस सीटवर पाय आणि पायाशी डोकं, असा उताणा. नट मीटरच्या मागे. ड्रायव्हरच्या बाजूने विचार केला तर नट सोडवायला तो उलट्याच दिशेने फिरवावा लागतो, आणि डोकं सांगतं एक, बोटं करतात दुसरं. उपाय सोपा. बाटलीचं झाकण घ्या, बाटली आपल्यापासून दूर, झाकण पलीकडे करून मागून हात घालून दोनदा उघडा. बोटांना दिशा कळते.

आमच्या कोणाचाच पंजा त्या फटीत जाईना. शेवटी ए विंगमधली दहावीतली मुलगी पुढे आली. तिचा हात बारीक, मनगटापर्यंत आत गेला आणि दोन बोटांनी नट सुटला. त्या दिवशी आमच्या चौघांच्या अनुभवापेक्षा तिचं मनगट मोलाचं ठरलं.

त्यानंतरची युक्ती मात्र घराघरात ठाऊक आहे, फक्त आपण ती गाडीला लावत नाही. लेंग्यातली जुनी नाडी काढताना नवी तिच्या टोकाला बांधतो ना, तसंच. जुन्या केबलच्या वरच्या टोकाला मजबूत दोरी बांधा आणि मग केबल खाली इंजिनच्या बाजूला ओढून घ्या. पार्टिशनच्या भोकातून दोरी केबलच्या वाटेने येते. मग दोरीला नव्या केबलचं वरचं टोक बांधा आणि आतून हळूच ओढा. अंधारात चाचपडायला नको. भोकातलं रबर जागेवर नीट बसवा, नाहीतर इंजिनचा धूर आणि पावसाचं पाणी पायाशी येईल.

नवी केबल घालण्यापूर्वी जुनीशेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकं ताडून बघा. आतली तार बाहेर काढून पातळसं ग्रीस लावा, पण वरची वीतभर कोरडी ठेवा. फिरत्या तारेवरून ग्रीस वर चढतं, मीटरमध्ये शिरतं, आणि मग वाटी चिकटते. वळण कुठेही सहा इंचांच्या त्रिज्येपेक्षा घट्ट नको. सोपं माप सांगतो. मोठ्या ताटाच्या काठाने जेवढं वळण, त्याहून घट्ट नाही. चौकोनी टोक खाचेत बसल्याशिवाय नट आवळू नका. बसलं की केबल स्वतःहून आत सरकते, जोर लागत नाही. नट बोटांनी घट्ट, बस्स. शेवटी ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा, केबल कुठे आड येत नाही ना. हे तपासल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही.

आम्ही वायरींची पट्टी कापली, केबलला तिची मोकळी वाट दिली, वायरी वेगळ्या बांधल्या. बाहेरचं कव्हर त्या वळणावर पिचलं होतं, म्हणून नुसती आतली तार न बदलता अख्खी केबल बदलली. खर्च केबलचा, ग्रीसचा आणि पंधरा कप चहाचा. गाडी आरटीओत पास झाली. त्या गोष्टीला आता वर्ष उलटलं, आणि काटा अजून हलतोय. वहिनींनी मघाशीच सांगितलं, गेटमधून आत येताना तो दहाच्या पुढे जात नाही.

जाता जाता कमिटीसाठी एक गोष्ट. बी विंगच्या डक्टमधला पाइप गेल्या पावसाळ्यापासून तीनदा एकाच सांध्यावर गळला. तीनदा आपण सांधा बदलला. मागच्या आठवड्यात मी आणि सेक्रेटरीसाहेब शिडी लावून चढलो. सांध्याच्या वर पाइपाला धरून ठेवणारा क्लॅम्पच गंजून पडलाय, सगळा पाइप त्या सांध्यावर लटकतोय. तेव्हा चौथा सांधा आणण्याआधी क्लॅम्प बसवू. आणि यापुढे प्लंबर जो तुकडा काढेल तो फेकू न देता, तारीख लिहून ऑफिसात ठेवू. वहिनींच्या डिकीसारखं एक खोकं पुरे.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी हत्यारं घेऊन इथेच असेन. ज्यांच्या स्कूटरचा काटा झोपलाय त्यांनी या. मुलांना जरूर आणा, बारीक मनगटांची फार गरज असते. आता चहा घ्या, आणि हे तुकडे बघून झाले की परत टेबलावर ठेवा, ते वहिनींच्या डिकीत जायचे आहेत.