पाणी कोण भरायचं?
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषण)



मी वरोऱ्याला बी.ए.च्या मुलामुलींना इतिहास शिकवते. पर्यावरणाचा इतिहास १८७८ च्या जंगल कायद्यापासून सुरू करायचा, मुलांनी उतरवून घ्यायचा, असं चाललं होतं. एका वर्षी म्हटलं, आपल्या पाण्यापासून सुरुवात करू. "घरी जा, जुन्या माणसांना गावच्या पाण्याबद्दल विचारा."

मुलांनी मेहनत केली. वरोऱ्याची जुनी कोळसा खाण १८७१ ते १९०६ चालली, हे शोधलं. खाणीतलं पाणी उपसलं की भोवतालच्या विहिरी खाली जातात, हे तर आजही खाणीजवळच्या गावांना सांगावं लागत नाही. मालगुजारांचे तलाव १९५१ मध्ये मालगुजारीबरोबर सरकारकडे गेले, मग गाळ कोणी काढायचा यावर आबाजी लोक तावातावाने बोलले होते. हो, सगळे आबाजीच! तलाव कोणाचा हे त्यांना पाठ. तलाठ्याकडच्या वाजिब-उल-अर्जात पाटाचे, मासेमारीचे हक्क लिहिलेले. घरात पाणी कसं यायचं, हे मात्र एकाही वहीत नाही. चूक माझीच. "जुनी माणसं" म्हटल्यावर मुलं ओसरीवर जाणार, चुलीपाशी कोण जातं?

दुसऱ्यांदा प्रश्न बदलला. पाणी कोण भरायचं, किती वाजता उठून, आणि कोणाला भरू द्यायचे नाहीत?

एक मुलगी उभी राहिली. तिच्या आजीला गावच्या विहिरीचा दोर कधी धरू दिला नाही. गुंड खाली ठेवून ती बसून राहायची, कोणी वरून ओतेल तेव्हा. वर्ग गप्प. महाडचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, ही तारीख सगळ्यांना पाठ होती. मलाही पुढे काय बोलावं सुचेना. त्याच गावचा एक मुलगा मागच्या बाकावर होता, त्याने वही उघडलीच नाही. आठवड्याने येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आमची आजी ओतायची. वरून."

त्यानंतर मी हजेरीपटही नीट पाहिला. मार्च लागला की पहिल्या तासाला मुली कमी. मी आजवर आळस समजून गैरहजेरी मांडत आले. आता शेजारी कारणाचा रकाना ओढला आहे. त्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द येतो, 'पाणी'. तो मोजून यंदा प्राचार्यांपुढे ठेवणार आहे. उन्हाळ्यात पहिला तास उशिरा घ्या, एवढीच मागणी.